तुम्ही विचारलंत म्हणून: पाती ढिली का?

आमच्या आजऱ्याकडच्या काजूबागेत ट्रॅक्टरमागं ओढायचं झुडपं कापायचं यंत्र आहे. घरीच बनवलेलं, बहुतेक सगळं भंगारातलं. बघायला येणारा माणूस खाली वाकतो, पातं हातानं हलवतो आणि हमखास विचारतो, "अहो, हे ढिलं कसं? आवळायचं राहिलं काय?"

राहिलं नाही. मुद्दाम तसं ठेवलंय.

काजू गळायला लागायच्या आत झाडाखालची घाणेरी, रानमोडी निघायला पाहिजे, नाहीतर बी सापडत नाही. आणि आमच्या रानात गवताखाली जांभ्याचे धोंडे दडलेले, वर जुन्या झाडांचे बुंधे. पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याचे, मिनिटाला 540 फेरे मिळतात. मोडीत निघालेल्या एका स्लॅशरचा (असंच झुडपं कापायचं तयार यंत्र) काटकोनी गिअरबॉक्स त्यांचे जवळपास 800 करतो. चार फूट व्यासाच्या वर्तुळात फिरणाऱ्या पात्याचं टोक तेव्हा ताशी 180 किलोमीटरच्या आसपास पळत असतं आणि दीड किलोच्या पात्याला बाहेरची ओढ बसते 500 किलोच्या घरात. दगड घालून गरगरवलेल्या गोफणीची दोरी कधी वाकते का? पातंही तसंच आपोआप ताठ होतं. धोंडा लागला की मागं दुमडतं, लगेच परत सरळ. तेच जाम बसवलं असतं, तर सगळा दणका गिअरबॉक्सच्या दातांवर गेला असता.

बोल्ट मात्र ढिला नाही हं. तो हाय टेन्साइल, कचकून आवळलेला, वर कॉटर पिन. पातं हलतं ते बुशवर, म्हणजे बोल्टावर चढवलेल्या नळीवर.

पाती ट्रकच्या कमानपाट्याची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं पहिल्यांदाच बजावलं होतं, "पाट्याला वेल्डिंग लावू नका मालक, शेजारीच तडकतंय." म्हणून भोकं कार्बाइडच्या ड्रिलनं पाडली. धारही वस्तऱ्यासारखी नको. झुडूप वेगानं तुटतं, आणि पातळ धार पहिल्याच दगडाला उडते. पात्यांच्या मधोमध खाली तव्याच्या नांगराचा जुना तवा बसवलाय. बुंधा आला की यंत्र त्या तव्यावरून घसरत पलीकडं जातं. मला विचाराल तर सगळ्यात हुशार भाग हाच.

शाफ्टमध्ये एक साधा, मऊ बोल्ट आहे. पातं कशात अडकलंच, तर तो तुटायचा. तिथं भारीतला बोल्ट घालायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी गिअरबॉक्सची किंमत विचारून यावी. आणि ट्रॅक्टर जुना असेल तर पीटीओला ओव्हररनिंग क्लच, म्हणजे एकाच बाजूनं जोर पोचवणारा क्लच, लावाच. नाहीतर क्लच दाबला तरी फिरती पाती ट्रॅक्टरला पुढं ढकलत राहतात.

खर्चाचं म्हणाल, तर भंगार स्वस्तात पडलं, लेथ आणि वेल्डिंगची मजुरी त्याहून जास्त झाली. फक्त पैसे वाचवायला करणार असाल, तर जुनं तयार यंत्र शोधा.

पुढंमागं साखळ्यांचे पडदे लावलेत, तरी एखादा खडा सुटतोच, आणि असा खडा शंभर मीटरपर्यंतही जाऊ शकतो. त्यामुळं चालू असताना बघायला येऊ नका. ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात घालून, खाली लाकडी ठोकळे लावले की मी स्वतः वाकून दाखवतो.