आवाजाचे भाडेकरू

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात नऊ पेडल्स आहेत. पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प (म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी पेटी) यांच्यामध्ये जोडायची, पायानं दाबून चालू-बंद करायची पत्र्याची डबी. यातली प्रत्येक डबी घेताना मी खरं तर कुणातरी मोठ्या गिटारवाल्याचा आवाज घरी आणत होतो. एकीतून हेंड्रिक्स येणार होता, एकीतून गिलमोर, एकीतून यू टूचा एज. कुणीच आलं नाही. दर वेळी डबीतून मीच बाहेर पडलो, फक्त जरा जास्त घोगरा होऊन. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी अंगणं बदलत बदलत नवव्यापर्यंत पोचलो.

मध्यंतरी एक मित्र आला. तो गेली पंचवीस वर्षं वाजवतोय. बोलता बोलता त्यानं कोपऱ्यातली माझी गिटार मांडीवर घेतली. अ‍ॅम्प चालूच होता. त्याचं एकही बटण त्यानं फिरवलं नाही, पायाशी जी डबी चालू होती तीच राहू दिली. तारा सहा महिन्यांच्या, बोटांना काळं लागेल अशा. त्यानं सावकाश दोन-चार ओळी वाजवल्या आणि आतल्या खोलीतून मुलीनं विचारलं, "बाबा, कोण आलंय?"

दार उघडल्याचं तिला ऐकू आलं नव्हतं, आमचं बोलणंही नाही. भिंतीपलीकडून तिला एवढंच कळलं होतं की गिटार तीच आहे आणि हात वेगळा आहे.

मग मी तो हात बघत बसलो. मी तार छेडतो ती ब्रिजला, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीला, जवळजवळ चिकटून. तिथे छेडली की तारेतले वरचे उपस्वर जोर धरतात आणि आवाज कडक, पत्रा वाजवल्यासारखा होतो. त्याचा पंजा पुढे, नेकच्या, म्हणजे मानेच्या, बाजूला होता, जिथे तोच स्वर गोल होतो. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, त्यानं सपाट न धरता किंचित तिरकं धरलं होतं. ज्या तारा वाजत नव्हत्या त्यांच्यावर तळव्याची कड अलगद टेकलेली, त्यामुळे नको ती गुणगुण बंद. आणि डाव्या हातानं तार ओढून स्वर चढवताना तो एकट्या बोटाला राबवत नव्हता, मागची दोन बोटं टेकू द्यायला उभी होती. तार हव्या त्या स्वरापर्यंत जायची, क्षणभर तिथे थांबायची आणि मग सावकाश डोलायला लागायची. माझी तार स्वराच्या जरा अलीकडेच दमते आणि मी ते कंपनाखाली झाकतो.

गिटारवाल्यांचं एक लाडकं वाक्य आहे: टोन बोटांत असतो. पुराव्यादाखल अमेरिकन गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. टेड न्यूजंट या दुसऱ्या गिटारिस्टनं एकदा एडीच्याच गिटारवर, एडीच्याच अ‍ॅम्पमधून वाजवून पाहिलं, आणि ऐकू आला तो टेड न्यूजंटच. मित्र गेल्यावर दोन दिवस माझाही या वाक्यावर पूर्ण विश्वास होता. तिसऱ्या दिवशी वीज गेली.

वीज नसताना मी ती इलेक्ट्रिक गिटार तशीच वाजवून पाहिली. डबीत डास अडकावा तसं काहीतरी ऐकू आलं. मित्राचा हात असता तरी डासच असता, फार तर सुरेल डास.

त्यामुळे बोटांना किती द्यायचं, हा हिशेब पुन्हा मांडावा लागला. एडीचा तो प्रसिद्ध 'ब्राउन साउंड'च घ्या. बोटं त्याची, कबूल. वेगवेगळे भाग जमवून गिटारही त्यानं स्वतःच जोडलेली. अ‍ॅम्पला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज द्यायचं आणि आवाजाचं बटण मात्र पूर्ण चढवायचं, ही शक्कल त्यानंच वापरली. पण अ‍ॅम्प होता मार्शलचा. जिम मार्शल मुळात ड्रमर आणि वाद्यांचा दुकानदार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या दुकानात तयार झालेला पहिला अ‍ॅम्प फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्पवर बेतलेला होता. आणि लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, ज्याला गिटार वाजवता येत नव्हती. एका आवाजाची वंशावळ काढायला बसलो, तर चार पायऱ्या खाली असा आजोबा भेटला!

मला वाटतं, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं हाक मारतो. एक लकब आणि एक नाद. स्वराकडे कसं जायचं, किती उशिरा पोचायचं, तार कुठे ढिली सोडायची ही लकब. ती हातात असते, आणि मुलीनं भिंतीपलीकडून ओळखली ती तीच. पण त्या स्वराचा रंग, त्याची खरखर, त्याचं भरलेपण हा नाद, आणि त्यात लाकूड, तांब्याचं वेटोळं, चुंबक, व्हॉल्व्ह, स्पीकरचा कागद आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याचा माईक एवढी मंडळी भागीदार असतात. हेंड्रिक्सला साध्या नायलॉनच्या तारांवर बसवलं असतं तर लकब ओळखू आली असती. पोस्टर ज्या नादाचं लागतं, तो मात्र नसता आला. गायकाचं एक बरं असतं. त्याचा गळा त्याचाच, जन्मासोबत आलेला. गिटारिस्टचा गळा सुट्या भागांत मिळतो आणि त्यातले बरेचसे भाग न वाजवणाऱ्यांनी बनवलेले असतात.

पण म्हणून बनवणाऱ्यांच्याच गळ्यात हार घालावा, तर तेही जमत नाही. फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ मध्ये आली. तिला तीन पिकअप (तारेची थरथर विजेत उतरवणारी चुंबकं) आणि त्यांतला कुठला बोलेल ते ठरवणारा एक खटका. खटक्याला तीन जागा, एका वेळी एक पिकअप. कारखान्याच्या मते विषय संपला होता. वाजवणाऱ्यांच्या मात्र लक्षात आलं की खटका दोन जागांच्या मधोमध अलगद अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र बोलतात आणि एक पोकळ, काचेसारखा, किंचित नाकातला आवाज येतो. खटका तिथे राहायचा नाही, हात लागला की घसरायचा. लोक काड्या खुपसून तो अडकवत असत. मालकानं तीन खोल्या बांधून दिल्या आणि भाडेकरू जाऊन उंबऱ्यावर बसले, असा हा प्रकार. त्या उंबऱ्यांना रीतसर जागा मिळाली, म्हणजे पाच जागांचा खटका कारखान्यातून बसून यायला लागला, तो १९७७ मध्ये. डायर स्ट्रेट्स बँडचा मार्क नॉफ्लर पुढच्या एक-दोन वर्षांत ज्या आवाजानं जगभर पोचला, तो अशाच एका उंबऱ्यावरचा.

काही आवाजांना तर बाप शोधूनही एक सापडत नाही. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचं बास वाजवत होता. मिक्सिंगच्या टेबलातल्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि त्याचा सोलो फाटक्या, भुंग्यासारख्या आवाजात टेपवर उतरला. तो पुसला नाही, ठेवला, आणि गाणं चाललं. मग इतरांनाही तसाच आवाज हवासा झाला, पण तोवर बिघडलेला चॅनल पुरता मेला होता. तेव्हा ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरनं तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं. त्यातून १९६२ मध्ये फझचं, म्हणजे या फाटक्या आवाजाचं, पहिलं बाजारी पेडल आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं तेच पेडल दाबून जगप्रसिद्ध रिफ (गाण्यात फिरून फिरून येणारी छोटी सुरावट) वाजवली, तीही ब्रास वाद्यं पुढे कशी वाजतील याचा नमुना म्हणून. नमुनाच कायम राहिला. आता यात श्रेय कुणाचं? माझं मत बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरला आहे, पण त्याचा फोटो कुठे छापलेला नाही.

ब्लॅक सबाथ या बँडच्या टोनी आयोमीपाशी मात्र माझी थट्टा थांबते. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर तार दाबायची बोटं नेमकी हीच. त्याला जँगो राइनहार्ट या जुन्या गिटारिस्टची रेकॉर्ड ऐकवली गेली. आगीत भाजून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली होती आणि तरी तो वाजवत होता. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, घासून आकाराला आणली, तार धरून राहावी म्हणून वर चामडं चिकटवलं. टोपणातून तार जाणवत नाही, त्यामुळे किती दाबली ते कानानंच ठरवायचं. जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे ट्यूनिंगच खाली उतरवलं. १९७१ च्या ब्लॅक सबाथच्या अल्बमवर बरीचशी गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. तारा ढिल्या झाल्या, बोटांना बरं वाटलं, आणि त्या ढिलाईतून जी गुरगुर आली तिच्यावर हेवी मेटल नावाचा अख्खा वाडा उभा राहिला. सगळी धडपड दुखऱ्या बोटांच्या सोयीसाठी होती. तो नाद शोधायला कुणी निघालंच नव्हतं. आणि तरी त्याचं श्रेय आयोमीला द्यायला माझा हात जराही आखडत नाही.

का आखडत नाही, याचा विचार करताना मला पीटर ग्रीनची गिटार आठवली. १९५९ ची, लेस पॉल या मॉडेलची. तिच्या नेककडच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं आहे. दोन्ही पिकअप एकदम लावले की दोघांचे आवाज एकमेकांना खातात, आणि उरतो तो पातळ, रडवेला स्वर. ग्रीननं तो फ्लीटवूड मॅक या बँडमध्ये असा काही वापरला की ऐकताना आपण आवाज खाली करायच्या ऐवजी स्वतःच गप्प होतो. ही गिटार पुढे गॅरी मूर या गिटारिस्टकडे गेली आणि तीसेक वर्षं त्याच्याकडे राहिली. २०१४ मध्ये ती मेटॅलिका या बँडच्या कर्क हॅमेटनं घेतली. चुंबक तेच, उलटेपणाही तोच. मूरच्या हातात ती गिटार लांबलचक किंकाळ्या मारायची, ग्रीनच्या हातात सुस्कारे टाकायची. वास्तू एक, भाडेकरू तीन, आणि प्रत्येकाच्या वेळी खिडकीतून वेगळं काही ऐकू येत होतं.

सगळं माझ्या हातचं आहे, असं म्हणायचा सर्वांत मोठा हक्क क्वीन या बँडच्या ब्रायन मेचा असेल. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच गिटार बनवली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, ट्रेमोलोच्या, म्हणजे स्वर डोलवणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगा मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या, त्याच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. पिक म्हणून तो सहा पेनींचं नाणं वापरतो. आता यात कुणी वाटा मागावा? पण त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा जो आवाज अधूनमधून येतो, तो एका चिमुकल्या अ‍ॅम्पचा. बॅंडच्या बास वाजवणाऱ्या जॉन डीकननं कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटवरून तो बनवला होता.

म्हणजे आवाज बांधून देणारे पुष्कळ. गवंडी, सुतार, वायरमन, कधी यंत्राचा अपघात, कधी कचरापेटी. पण बांधलेल्या जागेत सामान लावून राहायला कोण गेलं? गळक्या छपरासकट, उलट्या चुंबकासकट, चामड्याच्या टोपणांसकट वर्षानुवर्षं तिथे कोण राहिलं? लोक घराला शेवटी राहणाऱ्याच्या नावानं ओळखतात, तसंच हे. एवढं श्रेय मी गिटारिस्टला बिनतक्रार देतो. (पुढे त्याला ती जागा सोडायची असली तरी श्रोते सोडू देत नाहीत, ही वेगळी रडकथा.) माझी अडचण अशी की मी दर दोन महिन्यांनी बिऱ्हाड हलवलं. नऊ जागा पाहिल्या, एकीतही भिंतीला खिळा ठोकला नाही.

हे सगळं मुलीला सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "पण त्या दिवशी तुला कळलं कसं, की मी वाजवत नाहीये?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "कॉर्ड बदलताना तू मध्येच थांबतोस. आणि मग 'च्' करतोस."

"च्?"

"जिभेनं. चुकलं की. नेहमी करतोस, बाबा."

मी फोनवरची जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. पेडल बदलत गेलेलं, मधल्या काळात गिटारही बदललेली. हेंड्रिक्सच्या डबीत 'च्' आहे. गिलमोरच्या डबीत आहे. एजच्या डबीत तर डिलेमुळे तो एकामागून एक चार वेळा येतो, आणि चौथ्या वेळी दूर जाऊन विरतो.