दाढी दिसली तरच

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंती हंगाम मे महिन्याच्या तोंडावर सुरू होतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला रानपक्षी मारण्याचा रीतसर परवाना मिळतो, ही गोष्ट पचायलाच वेळ लागला. परवान्याआधीचे सक्तीचे प्रशिक्षण घेताना मात्र नियमांमागचा विचार उमगत गेला आणि त्यातला एक नियम मनात कायमचा बसला.

वसंतात फक्त दाढी असलेला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीच्या मधोमध उगवून खाली लोंबणारा, घोड्याच्या शेपटीसारखा राठ झुबका. ती सहसा नरालाच असते. तरीही नियमात ‘नर’ हा शब्द नाही, कारण झुडपाआडच्या पक्ष्याचे लिंग ठरवण्यापेक्षा दाढी दिसते की नाही हे सांगणे सोपे असते, आणि ती स्पष्ट दिसेपर्यंत थांबणे ही शिकाऱ्याची जबाबदारी ठरते. याच दिवसांत माद्या जमिनीवर घरटे करून सुमारे 28 दिवस अंडी उबवतात. त्यात नराचा काहीच वाटा नसतो, म्हणून तो गेला तरी पिल्ले वाचतात. मादी गेली तर सगळी वीणच जाते. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी बारानंतर शिकार बंद ठेवण्याचे एक कारणही खुडूक बसलेल्या माद्यांना त्रास होऊ नये, हेच आहे.

पक्ष्याचा माग काढत जाण्यासही बंदी आहे. एका जागी बसून, मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलवायचे. हा नियम माणसांसाठी आहे, कारण झाडीतून येणारा तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो.

मिसिसिपी राज्यात याहून कडक नियम आहे: तेथे पूर्ण वाढलेला नर, किंवा ज्याची दाढी किमान सहा इंच आहे असाच नर मारता येतो, त्यामुळे वर्षाचे कोवळे नर वाचतात. पेनसिल्व्हेनियात शरदात मात्र नर-मादी दोन्ही चालतात.

काही माद्यांनाही दाढी येते. गेल्या वसंतात, सकाळी अकराच्या सुमारास, अशीच एक मादी माझ्यापासून तीस पावलांवर आली. दाढी बारीक, पण स्पष्ट होती. डोके निळसर राखाडी, अंगावर नराची तांबूस झळाळी नाही. कायद्याने ती मारण्याजोगी होती. ज्या विणीसाठी हा नियम केला, तीच तिच्या पोटी असताना तिला मारणे मला चुकीचे वाटले, आजही वाटते. मी बंदूक मांडीवरून हलवली नाही. ती पाचोळा उकरत उतारावरून खाली गेली, आणि बाराला वीस मिनिटे असताना मी काडतुसे काढून घेतली.