विहिरीभोवतीचे नऊ गुंठे : पिण्याच्या पाण्याचा उद्भव बंदिस्त करताना आलेला अनुभव

आमच्या नळयोजनेचा उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, ही ओढ्याकाठची एक विहीर. व्यास ८ मीटर, खोली ११ मीटर. वरचे चारेक मीटर मुरूम, त्याखाली मांजऱ्या (भेगाळलेला खडक), तळाशी काळा पाषाण. पाणी बारमाही, म्हणून तिथे सगळ्यांचीच वर्दळ. गुरं पाण्यावर यायची, कपडे तिथेच धुतले जायचे, फवारणीचे पंप तिथेच भरायचे आणि तिथेच विसळायचे, बेंदराला बैलही तिथेच. ऑक्टोबरच्या स्वच्छता सर्वेक्षणात लाल कार्ड, म्हणजे पाणी दूषित होण्याचा मोठा धोका असल्याचा शेरा, मिळालं आणि विहिरीभोवतीची जागा बंद करायचं ठरलं. पाणीपुरवठा समितीचं काम माझ्याकडे असल्याने सातबाऱ्यापासून खांब रोवण्यापर्यंत सगळं हाताखालून गेलं. एकूण १४ महिने लागले. त्यातले कुंपणाचे दिवस फक्त नऊ. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी वेळेचा अंदाज याच प्रमाणात धरावा.

सुरुवात पाण्याच्या नमुन्यांपासून करा. नंतर कुणी ‘कुंपणाने काय फरक पडला?’ असं विचारलं तर दाखवायला आधीचे आकडे लागतात. नमुना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी घ्यायचा. क्लोरीन असलेल्या पाण्याचा नमुना साध्या बाटलीत नेला तर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. त्यासाठी प्रयोगशाळेकडून मिळणारी, थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली वापरावी आणि ती बर्फाच्या डब्यातून २४ तासांच्या आत पोहोचवावी. दुसरी चूक दिवसाची. मे महिन्यात घेतलेला नमुना बहुतेक वेळा ठीक येतो. खरी परीक्षा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत होते, कारण वर्षभराची घाण त्याच पाण्याबरोबर खाली उतरते. गावात रोजच्या तपासणीला एच-टू-एसच्या, म्हणजे जंतूंचं दूषण दाखवणाऱ्या, बाटल्या पुरतात. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं की ते दूषित आहे असं समजायचं.

मग जागा किती घ्यायची हा प्रश्न. बहुतेक आराखड्यांत विहीर मध्यभागी ठेवून चारही बाजूंना सारखं अंतर सोडतात. ते दिसायला बरं, पण पाणी चारही बाजूंनी सारखं येत नाही. मोटर लावून विहीर उपसली की झरे उघडे पडतात. आमच्याकडे मोठे झरे वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला निघाले. त्याच दिवशी आसपासच्या पाच विहिरींची पाण्याची पातळी मोजली, तर तीही पश्चिमेकडेच उंच होती. म्हणून ३० बाय ३० मीटरचा चौकोन घेतला, पण विहिरीच्या केंद्रापासून पश्चिमेला २० मीटर आणि पूर्वेला १० मीटर. हे ९०० चौरस मीटर झाले, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. शोषखड्डा पाण्यापासून १५ मीटर लांब असला की झालं, असं सगळीकडे सांगितलं जातं. मुरमातून झिरपताना पाणी गाळलं जातं हे खरं, पण मांजऱ्याच्या भेगांतून ते गाळलं न जाता वाहत येतं. म्हणून चौकोनाच्या बाहेरही वरच्या अंगाला नवा संडास आणि शेणाचा उकिरडा नको, असं वेगळं ठरवून घेतलं.

सर्वांत जास्त महिने जमिनीने खाल्ले. ग्रामपंचायत समजत होती की विहिरीची जागा तिची आहे. प्रत्यक्षात जुना कागद फक्त दोन गुंठ्यांचा होता आणि तोही स्टॅम्प पेपरवर लिहिलेला, नोंदणी नसलेला. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृत नसेल तर ते टिकत नाही. मूळ मालकाच्या वारसांनी मोठं मन दाखवून पूर्ण नऊ गुंठ्यांचं नवं बक्षीसपत्र करून दिलं, पण दोन अटींवर : पलीकडच्या शेतात जायला बैलगाडीची वाट हवी आणि त्यांची जुनी पाइपलाइन कुंपणाखालून जाऊ द्यावी. दोन्ही अटी बक्षीसपत्रातच लिहिल्या. तोंडी ठेवल्या असत्या तर पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं. इतका लहान तुकडा वेगळा करताना तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी तहसील कार्यालयात विचारून परवानगीचा मार्ग पक्का करून घ्या.

त्यानंतर फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची महसुली नोंद. तलाठ्याने नोंद घेतल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे वेगळा करावा लागतो. मोजणीच्या दिवशी शेजारचे सगळे कब्जेदार हजर राहतील हे आपण बघायचं, कारण एकजण जरी ‘मला नोटीस नाही’ म्हणाला तरी तारीख पुढे जाते. मोजणीची ‘क’ प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) हातात येईपर्यंत एकही खड्डा खोदू नका. ओढ्याचं पात्र सरकारी असतं. कुंपण काठापर्यंतच येऊ शकतं, पात्रात नाही.

कायद्याबद्दल एक गैरसमज मला वारंवार भेटला. ‘५०० मीटरचा कायदा आहे ना, मग बंद करा,’ असं लोक म्हणतात. १९९३ च्या भूजल कायद्यापासून आलेली ५०० मीटरची अट ही सार्वजनिक उद्भवाजवळ परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेण्याबद्दल आहे. ती पाण्याचं प्रमाण राखते. माणूस, म्हैस किंवा फवारणीचा पंप तिने थांबत नाही. त्यासाठी आम्हाला जमिनीची मालकी आणि ग्रामसभेचा ठराव, हे आधार कामी आले.

वहिवाटीची वाट अडवली तर काय होतं, हेही आधीच माहीत असावं. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला माणूस सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावू शकतो आणि वाट जुनी असल्याचं सिद्ध झालं तर कुंपण काढावं लागतं. आम्ही दोन पायवाटा आणि ती बैलगाडीची वाट कुंपणाबाहेरून वळवून, मुरूम टाकून आधी चालती केली. लोक महिनाभर नव्या वाटेने गेले, मगच जुनी बंद केली.

हाच क्रम बाकीच्या वापरांनाही लावला, आणि माझ्या मते या कामाचं सगळं यश इथे आहे. जागेवरून जे जे हलवायचं ते आधी दुसरीकडे चांगलं करून द्यायचं. त्यासाठी एक आठवडाभर सकाळी सहा ते संध्याकाळी सात कोण कशासाठी येतं याची नोंद ठेवली.

गुरांचा हिशोब सोपा आहे. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण ५० लिटर, शेळी-मेंढीला ५ लिटर. ९० मोठी आणि १५० लहान जनावरं धरली तर सव्वापाच हजार लिटर होतात. २० फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट खोल हौदात २,१०० लिटर पाणी मावतं. फ्लोट व्हॉल्व्ह लावला की तो दिवसात दोन-तीनदा आपोआप भरतो. मोठ्या जनावरांसाठी कठडा दोन फूट उंच आणि एका टोकाला शेळ्यांसाठी सव्वा फूट. हौदाभोवती दोन मीटर दगडी सोलिंग केलं नाही तर पंधरा दिवसांत चिखल होतो आणि गुरं पुन्हा ओढ्याकडे वळतात. हौद विहिरीच्या खालच्या अंगाला, दीडशे मीटर लांब बांधला.

कपडे धुण्याचा प्रश्न महिला सभेत नीट कळला. ही सभा ग्रामसभेआधी घेणं बंधनकारकच आहे, पण अनेक ठिकाणी ती कागदावरच होते. माणशी ५५ लिटरच्या नळपाण्यात रोजचे कपडे निघतात, गोधड्या निघत नाहीत. नवरात्राआधीच्या आठवड्यात गावभरच्या गोधड्या एकाच वेळी धुवायच्या असतात. आमचा मूळ आराखडा चार दगडांचा होता. त्या सभेनंतर तो बारा दगडांचा झाला. सांडपाणी शोषखड्ड्यात जाण्याआधी जाळीचा चेंबर बांधा आणि दर आठवड्याला साफ करा. धाग्यांनी आणि साबणाच्या सायीने शोषखड्डा वर्षभरात गच्च होतो.

फवारणीवाल्यांना पाणी तिथूनच हवं होतं असं नाही. त्यांना एकरी दहा-बारा पंप भरायला जवळ पाणी हवं होतं. रस्त्याकडेला एक हजार लिटरची टाकी आणि तोटी दिल्यावर विहिरीवर पंप येणं थांबलं. पंप विसळलेलं पाणी शेतातच फवारून टाकायचं, हे टाकीवर लिहिलं आहे. दशक्रियेसाठी खालच्या अंगाला ओटा आणि नळ दिला. त्याची जागा मात्र समितीने ठरवली नाही. विधी करणाऱ्यांनी आणि गावातल्या सगळ्या वस्त्यांतल्या वडीलधाऱ्यांनी मिळून ठरवली.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. ‘विहीर परिसर बंद करण्यात यावा’ असा मोघम ठराव करू नका. आमच्या ठरावात गट क्रमांक, ‘क’ प्रतीप्रमाणे क्षेत्र आणि चतु:सीमा, कोणकोणत्या कामांना बंदी, त्या प्रत्येकासाठी दिलेली पर्यायी जागा, आणि आत कोण जाऊ शकेल हे पदानुसार लिहिलं : पंपचालक, जलसुरक्षक, दुरुस्तीचा कारागीर, नमुना घेणारा आरोग्य कर्मचारी. बंदी सर्वांना सारखी लागू आहे, हे वाक्य वेगळं घातलं. आपल्या राज्यात पाण्याजवळ जायला मज्जाव करणं ही साधी गोष्ट नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय मिळवावं लागलं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून सरपंचांची गुरंसुद्धा त्याच हौदावर जातील आणि कुंपणाची किल्ली कुठल्याही एका वस्तीकडे राहणार नाही, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवलं.

पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (ठरलेल्या कामांवरच खर्च करता येणाऱ्या) आला. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी घेतलेलं असावं, एवढंच.

कुंपणाचा तपशील असा. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचे अँगल, सात फुटी, दोन फूट जमिनीत. खड्डा दीड बाय दीड बाय दोन फूट, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). खांबांतलं अंतर अडीच मीटर, म्हणजे १२० मीटरच्या घेराला ४८ खांब. चारही कोपऱ्यांना आणि मधल्या दर दहाव्या खांबाला टेकू हवाच, नाहीतर जाळी ताणताना खांब आत झुकतात. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारून मगच जाळी ताणावी. ठेकेदाराला घाई असते, तिथे उभं राहावं लागतं. चेनलिंक जाळी पाच फुटी, दोन इंची, १० गेज. ५० फुटांची आठ बंडलं. मोठं फाटक १२ फुटांचं ठेवा. पंप काढायला ट्रॅक्टर-क्रेन आत यावी लागते, आणि आठ फुटांच्या फाटकामुळे कुंपण तोडण्याची वेळ येते.

ओढ्याच्या बाजूला आम्ही चुकलो. तिथेही चेनलिंक लावली. पहिल्याच पुरात पाचोळा आणि उसाची पाचटं जाळीत अडकली, जाळीची भिंत झाली आणि पाण्याच्या दाबाने सहा खांब मुळासकट आडवे झाले. आता त्या ३० मीटरवर फक्त तीन तारा आहेत. पुरात सुटाव्यात म्हणून त्या एका टोकाला हुकावर अडकवल्या आहेत. तारांच्या आतल्या बाजूने घायपात आणि निरगुडीची दाट ओळ लावली. निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत. विहिरीच्या बांधकामापासून सहा मीटरच्या आत मात्र एकही झाड ठेवू नका. कठड्याच्या सांध्यात उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच उपटावा.

कुंपण झाल्यानंतरच्या पहिल्या पावसात एच-टू-एसची बाटली पुन्हा काळी झाली आणि गावात नाराजी पसरली. कारण विहिरीतच होतं. कठड्याखालचं दगडी बांधकाम वरच्या भागात सुटलं होतं आणि पृष्ठभागावरचं पाणी तिथून सरळ आत उतरत होतं. वरच्या तीन मीटरमध्ये दगडांचे सांधे सिमेंटने भरून घेतले, भोवती दोन मीटरचा उतरता ओटा केला, विहिरीवर स्लॅब टाकून झाकण बसवलं. खरं तर हे कुंपणाच्या आधी करायचं काम. पुढच्या पावसाळ्यात जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही महिन्यांत बाटली काळी झाली नाही आणि ऑक्टोबरला हिरवं कार्ड मिळालं.

नायट्रेट मात्र अजून लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवरच आहे. ते पश्चिमेच्या उसातून येतं आणि जाळीने थांबत नाही. तिथल्या तीन शेतकऱ्यांशी युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यायचा आणि विहिरीकडच्या कडेला २० मीटर गवताचा पट्टा सोडायचा, असं बोलणं चालू आहे. पट्ट्यामुळे जाणाऱ्या उसाची भरपाई कशी द्यायची, हा विषय येत्या ग्रामसभेत आहे.