मॅनिॲकभोवतीची माणसं : लेखकजाळ्याची पुढची नोंद

कोणी कोणाबरोबर काम केलं, निबंध लिहिले, याचं एक जाळं मी वहीत मांडतोय; मागच्या नोंदीनंतर ते बरंच बदललंय. तेव्हा नियम साधा होता. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅनिॲक संगणकावर 1950च्या दशकात जी गणितं झाली, त्यांच्या निबंधांवरची नावं घ्यायची आणि दोन नावं एका निबंधावर दिसली की त्यांच्यात रेघ ओढायची. आता प्रत्येक रेघेला प्रकार आहे आणि तिच्यासमोर पुराव्याचा रकाना आहे: कोणता कागद, आणि त्या कागदावर नेमकं कुठे. मुखपृष्ठावर, तळटिपेत, ऋणनिर्देशात, की कुणी नंतर सांगितलेल्या आठवणीत.

हे करायला लावलं ते लॉस अलामॉसच्या एलए-1940 या क्रमांकाच्या अहवालानं, मे 1955. आपल्यापैकी बहुतेकांना तो फर्मी-पास्ता-उलाम म्हणून ठाऊक आहे. एका ओळीत जोडलेले कण, त्यांच्यामधल्या स्प्रिंगांना थोडा अरेषीय गुण, आणि अपेक्षा अशी की ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल. मॅनिॲकनं दाखवलं ते उलटंच: ऊर्जा फिरून जवळजवळ पहिल्या कंपनात परत आली. अरेषीय भौतिकीचा मोठा भाग या निकालापासून सुरू होतो. पण आपल्याला हवं ते अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे. तिथे दोन वेगळ्या याद्या छापल्या आहेत. काम केलं: फर्मी, पास्ता, उलाम आणि त्सिंगू. अहवाल लिहिला: फर्मी, पास्ता, उलाम. शिवाय आत एका तळटिपेत मिस मेरी त्सिंगू यांचे आभार आहेत, प्रश्नाचं कोडिंग केल्याबद्दल आणि मॅनिॲकवर गणितं चालवल्याबद्दल.

म्हणजे कोणी काय केलं हे त्या काळच्या माणसांनी लपवलं नव्हतं, स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पुढे संदर्भ देणाऱ्यांनी फक्त दुसरी यादी उचलली, आणि नावाची आद्याक्षरं झाली एफपीयू. फर्मी नोव्हेंबर 1954मध्येच वारले होते, तरी ‘लिहिणाऱ्यां’मध्ये त्यांचं नाव आहे; ‘काम करणाऱ्यां’मधली त्सिंगू मात्र संदर्भसूच्यांमधून गळाली. माझा जुना नियमही नेमकं हेच करत होता, कारण त्याला सहलेखक एवढी एकच गोष्ट दिसत होती. आता या एका कागदावरून तीन प्रकारच्या रेघा निघतात: सहलेखन, सहकाम, आभार.

त्सिंगूचा माग इथे संपत नाही, आणि मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त आनंद दिला तो याच धाग्यानं. 1972 साली ‘ॲडव्हान्सेस इन मॅथेमॅटिक्स’मध्ये याच प्रश्नावर एक निबंध आला. गणितं बराच जास्त वेळ चालवली तर ऊर्जा आणखी मोठ्या आवर्तनानं मूळ स्थितीच्या अधिकच जवळ येते, असं त्यात दाखवलं आहे. लेखक जे. एल. टक आणि एम. टी. मेन्झेल. यातला ‘टी’ म्हणजे त्सिंगू. लग्नानंतर आडनाव बदललं होतं. पहिली गणितं जिनं चालवली तिनंच सतरा वर्षांनी तोच प्रश्न सहलेखक म्हणून पुढे नेला, आणि निबंधाच्या शीर्षकात आद्याक्षरं आहेत ती एफपीयू. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे बाहेरच्या वाचकाला कळायला कितीतरी वर्षं गेली. 2008 साली ‘फिजिक्स टुडे’त एका फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं तिच्यावर लेख लिहिला, तेव्हापासून त्सिंगूचा ‘टी’ जोडून एफपीयूटी असं लिहिणारे वाढले.

माझ्या वहीत आता व्यक्ती वेगळी आणि नाव वेगळं. व्यक्तीला एक क्रमांक, त्याखाली तिची सगळी छापील रूपं, प्रत्येक रूप कोणत्या वर्षी कुठे दिसलं यासह. संशोधकांना ओळखीसाठी मिळणारे ऑर्किडचे क्रमांक इथे कामाचे नाहीत, ती सोय 2012ची. व्हिआफ, म्हणजे लेखकांच्या नावांची सामाईक सूची, ग्रंथालयांच्या नोंदींवर उभं आहे, त्यामुळे ज्यांचं पुस्तक नाही, नुसते निबंध किंवा अहवाल आहेत, त्यांच्यासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. हाताने जुळवण्याला पर्याय नाही, आणि बायकांच्या बाबतीत तर माहेरच्या आडनावापासूनच सुरुवात करावी असं माझं पक्कं मत झालंय.

याच मतामुळे दुसरी गाठ सुटत गेली. जून 1953, ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’, ज्यावरून मेट्रोपोलिस अल्गोरिदम (यादृच्छिक पावलं टाकत अनेक कणांच्या व्यवस्थेच्या सरासऱ्या काढायची पद्धत) हे नाव पडलं तो निबंध. पाच नावं: निकोलस मेट्रोपोलिस, एरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर. दोन जोडपी आणि एक यंत्र उभं करणारा. एरियाना डब्ल्यू. रोझेनब्लुथमधला ‘डब्ल्यू’ म्हणजे राइट. 1949ची हार्वर्डची पीएचडी त्या आडनावानं आहे, व्हॅन व्लेक यांच्याकडे केलेली. मॅनिॲकवर प्रत्यक्ष चालला तो प्रोग्रॅम तिनं लिहिला होता.

पाच जणांत कोणाचा वाटा किती, यावर मार्शल रोझेनब्लुथ 2003 साली बोलले, निबंधाला पन्नास वर्षं झाली त्या निमित्तानं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मेट्रोपोलिस यांनी संगणकाचा वेळ मिळवून दिला, पद्धत घडवण्यात त्यांचा भाग नव्हता. ही साक्ष वजनदार आहे, पण ती संबंधित माणसाची आहे, पन्नास वर्षांनंतरची आहे, आणि मेट्रोपोलिस 1999मध्येच गेले होते, त्यामुळे त्यांचं उत्तर नाही. म्हणून रेघ पुसलेली नाही. तिच्या पुराव्याच्या रकान्यात ‘आठवण, एकतर्फी’ असं लिहिलंय, आणि शेजारी त्याच काळचे कागद ठेवलेत: 1954 आणि 1955मध्ये याच पद्धतीच्या वाटेवरचे दोन निबंध त्याच नियतकालिकात आले, त्यांवर नावं फक्त दोघा रोझेनब्लुथांची. पुढचं काम कोण करत होतं एवढं त्यावरून नक्की कळतं. मूळ कल्पना कोणाची, हे मात्र त्यावरून ठरवता येणार नाही, आणि तसं ठरवून टाकणाऱ्या लेखांबद्दल मी सावध असतो.

एर्डोस अंकाची, म्हणजे गणितज्ञ पॉल एर्डोसपासून आपण सहलेखनाच्या किती पावलांवर आहोत हे मोजण्याची, हौस असलेल्यांसाठी एक गंमतीचा निकाल. उलाम यांनी एर्डोसबरोबर निबंध लिहिले, म्हणून त्यांचा अंक 1. मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा मॉन्टे कार्लो पद्धतीवरचा (यादृच्छिक आकडे वापरून उत्तर काढण्यावरचा) निबंध 1949चा, म्हणून मेट्रोपोलिस 2. फर्मी आणि मेट्रोपोलिस यांचा पायॉन या सूक्ष्म कणांच्या विखुरण्यावरचा निबंध 1954चा, म्हणजे या वाटेनं फर्मी 3. पण 1955चा अहवाल मोजला तर उलामवरून थेट फर्मी 2. आणि पहिली यादी, काम करणाऱ्यांची, मोजली तर त्सिंगूही 2. माणसं तीच, कागद तेच, फक्त कोणता कागद ‘प्रकाशन’ मानायचा हे बदललं. तो अहवाल 1965 साली फर्मींच्या समग्र निबंधांत उलाम यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला, तेव्हा तो मोजावा असं मला वाटतं.

शैलीमापनाचा, म्हणजे लिहिण्याच्या सवयींवरून लेखक ओळखण्याचा, प्रयोग बंद केला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांतल्या वादग्रस्त 12 निबंधांचा लेखक 1964मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस यांनी शब्दांच्या वारंवारतेवरून मॅडिसन ठरवला, कारण तिथे मजकूर भरपूर होता आणि दावेदार मोजके. चारपाच जणांनी मिळून लिहिलेल्या, निम्म्या समीकरणांच्या निबंधात तसं काही हाती लागत नाही.

नवी भर म्हणजे यंत्रालाच जाळ्यात जागा दिली. 1953चा निबंध आणि 1955चा अहवाल यांच्यात एकही सामाईक लेखक नाही, तरी मॅनिॲकमधून दोन्ही एका पावलावर आले. यंत्राचा वेळ कोण वाटत होतं, रात्रीच्या पाळीला कोण बसत होतं, हे प्रश्न त्यामुळे विचारता येऊ लागले.

पुढचं काम बुद्धिबळाचं. 1956मध्ये मॅनिॲकवर 6 गुणिले 6 घरांच्या पटावर, उंटांशिवाय, बुद्धिबळ खेळवलं गेलं. 1957च्या निबंधावर किस्टर, स्टाइन, उलाम, वॉल्डन आणि वेल्स अशी पाच नावं आहेत, पण नंतरच्या लिखाणात प्रोग्रॅमचं श्रेय बहुधा स्टाइन आणि वेल्स या दोघांनाच दिलेलं आढळतं. पाचाचे दोन कुठे झाले, कोणत्या वर्षाच्या कोणत्या मजकुरात, ते मागे मागे जात शोधतोय. निबंधाचा ऋणनिर्देश आणि तळटिपा आधी उतरवून घेणार, मग संदर्भ देणाऱ्यांकडे वळणार.