जयपूरचं धुकं आणि पस्तीस बॉक्स

डिसेंबरातला शनिवार. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या क्लासवर तासगावचे एक बेदाणा व्यापारी मुलाला घेऊन आले. हातात एजंटचं माहितीपत्रक होतं: अमेरिकेत सहा आठवड्यांचा फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारा) होण्याचा कोर्स, ‘जगात कुठेही नोकरी’, वयाची अट १८ पूर्ण. कर्जाचा अर्ज भरून तयार होता, माझं मत तेवढं हवं होतं.

मुलगा पुढच्या महिन्यात २१ पूर्ण करणार होता. मी आधी वयाच्या अटीवरच बोट ठेवलं. अमेरिकेत एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाची, लेखी परीक्षा २१व्या वर्षी देता येते: ८० प्रश्न, तीन तास, ७० टक्क्यांना पास. पण प्रमाणपत्र मिळतं २३ पूर्ण झाल्यावर. तोंडी आणि प्रात्यक्षिक आधी पास झालात तर तोवर फक्त पात्रतेचं पत्र. म्हणजे हप्ते आत्तापासून, प्रमाणपत्र दोन वर्षांनी.

दुसरी गोष्ट व्हिसाची. ‘टूरिस्ट व्हिसावर जाऊन या’ असं एजंट तोंडी म्हणाला होता. ते चालत नाही, अशा कोर्सला एम-१, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचा व्हिसा लागतो. त्यावर कोर्सनंतरच्या कामाची परवानगी चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, या हिशेबानं मिळते. सहा आठवड्यांत काय मिळणार? शिवाय २०२५पासून परदेशी पत्ता देणाऱ्याला एफएएची कागदपत्रं स्वीकारायला अमेरिकेतला प्रतिनिधी नेमावा लागतो. पत्रकात यातलं काहीच नव्हतं.

मग कोर्स वाया का? नाही. किमान २०० तासांत हवामान, वजन, नियम आणि फ्लाइट प्लॅनिंग घासून घेतात, आणि उड्डाणाआधीच्या नियोजनाला कॅप्टनइतकाच डिस्पॅचरही जबाबदार असतो हे अंगात भिनतं. पण आपल्याकडे डीजीसीएची (आपल्या विमान वाहतूक नियामकाची) मान्यता विमान कंपनीमार्फत मिळते. कंपनी आधी घेते, शिकवते, मग अर्ज करते. परदेशी प्रमाणपत्र निवडीच्या वेळी उपयोगी पडेल, खुर्ची देणार नाही.

हे सगळं वडिलांना पटत होतं, मुलाला नाही. म्हणून त्याच्यापुढे कागद ठेवला. पुणे ते दिल्ली, पहाटेचं विमान, इंधन काढ. आकडे सरावाचे, खरे त्या त्या विमानाच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

त्यानं मांडणी चांगली केली. टॅक्सी २०० किलो, प्रवास ४,४००, त्याच्या पाच टक्के म्हणजे २२० आकस्मिक, दिल्लीला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ जयपूर, त्याचे १,५००, आणि १,५०० फुटांवर अर्धा तास घिरट्यांचा शेवटचा साठा १,१००. बेरीज ७,४२०. हिशेब बिनचूक.

“जयपूरचा हवामानाचा अंदाज वाचलास?”

वाचला नव्हता. मी दिलेल्या कागदावर त्याच वेळेला जयपूरलाही दाट धुकं होतं. दिल्लीजवळचा विमानतळ पर्यायी धरताना हीच चूक होते. उत्तरेतलं हिवाळी धुकं एका शहरापुरतं नसतं, दोन्ही ठिकाणं एकदमच बंद होऊ शकतात. त्यानं अहमदाबाद घेतलं. पर्यायाचं इंधन २,९०० झालं, बेरीज ८,८२०.

“आता उतरतानाचं वजन काढ.”

प्रवासी आणि सामानासह, पण इंधनाशिवाय विमान ६२,३०० किलो. त्यात टॅक्सी आणि प्रवास सोडून उरलेलं ४,२२०. झाले ६६,५२०. उतरतानाच्या वजनाची मर्यादा आम्ही ६६,००० धरली होती. जयपूरवाल्या हिशेबात हेच ६५,१२० होतं, म्हणून तिथे काही अडलं नव्हतं. नियमांचंही असंच. अमेरिकेत देशांतर्गत विमानाला ४५ मिनिटांचा साठा धरतात, आपल्याकडे जेटला पाच टक्के अधिक अर्धा तास. तिकडचं पाठ करून आलेल्याला इथे पुन्हा पाटी पुसावी लागते.

मुलगा बराच वेळ त्या जादा ५२० किलोंकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, “सामान उतरवायचं?”

“कोणतं, किती, कुणाला विचारून, आणि विमान सुटायच्या किती आधी?”

तोंडी परीक्षेत परीक्षक असंच विचारतो. उत्तर येईना.

इतका वेळ गप्प बसलेले वडील मध्येच बोलले. “म्हंजे पंधरा किलोचे पस्तीस बॉक्स खाली, जयपूरच्या धुक्यापायी?”

“बेदाणा असता तर, हो.”

त्यांनी कर्जाचा अर्ज घडी करून खिशात घातला. मुलानं नवा कागद मागितला.