पडद्याआड, गणपतीबरोबर

आमच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. हे ऐकून देशावरच्या मैत्रिणींचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगून टाकते. सिंधुदुर्गात बऱ्याच घरांत ही रीत आहे. अनुराधा नक्षत्रावर गौर येते, दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा, आणि त्या दिवशी माहेरी आलेल्या बाईला कोंबडी नाहीतर मटण, वडे, एखाद्या घरी चिंबोऱ्यासुद्धा. शेजारी बसलेल्या गणपतीला मात्र हे चालत नाही, म्हणून नैवेद्य दाखवताना मध्ये पडदा धरायचा. आमच्याकडे पडदा म्हणजे काकीची एक हिरवी सुती साडी आणि ती दोन टोकांना धरून उभी असलेली दोन पोरं. अर्ध्यात त्यांचे हात दुखतात आणि गणपतीला सगळं दिसतं.

२०१४ साली त्या साडीकडे बोट दाखवून धाकटे काका म्हणाले, “तू जा पडद्याआड. गणपतीवांगडा बस.” घर हसलं, मीही हसले. तेव्हापासून दरवर्षी कोणी ना कोणी तो विनोद करतंच, आणि करणाऱ्याला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं वाटतं.

मी मासे-मटण सोडलं त्याला काही थोर कारण नाही. २०१३ साली कावीळ झाली. तीन महिने तेल बंद, मासे-मटण बंद, साखर आणि भात. मी दिवस मोजत होते. बरी झाल्यावर आईने सुरमईची तुकडी समोर ठेवली आणि माझा हात पुढे गेला नाही. उलटीबिलटी काही नाही, नुसतीच इच्छा नाही. म्हटलं येईल परत. आली नाही. केकमध्ये अंडं असलं तर मी बघायला जात नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी विचारणार.

पण घरातल्या कोणाला हे कारण पुरत नाही. वास्तविक आमच्या घराइतके न खाण्याचे दिवस कोणाकडे नसतील. सोमवार आहे, गुरुवार आहे, संकष्टी, एकादशी, शिवाय अख्खा श्रावण. गटारीला ज्याने वाडग्याने रस्सा प्यायला तोच दुसऱ्या दिवसापासून अळूच्या भाजीवर महिना काढतो. “आज वार आहे” म्हटलं की वाढणारीचा हात जागच्या जागी थांबतो. एक चुलत काका माळकरी आहेत. पंचवीस वर्षं झाली, त्यांना कोणी एक शब्द विचारलेला नाही, उलट त्यांचं पान आधी मांडतात. माझ्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न, “माळ घातलंस काय गो?” नाही. “डॉक्टरान सांगल्यान?” आता नाही. “मगे?”

या “मगे”पुढे मला काही सांगता येत नाही. देवाने सांगितलं तर चालतं, डॉक्टरने सांगितलं तर चालतं, जिभेने सांगितलेलं चालत नाही. पहिली दोन वर्षं मी सरळ खोटं बोलले, वार लावून दिले. मग एका बुधवारी पकडले गेले.

नुसतो रसो घे, तुकडे काढतंय, हे तर प्रत्येक पंगतीला होतं. त्याहून अवघड प्रकरण सुकटीचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या मासळीची ओढ या वाळवलेल्या मासळीवर भागवायची, आणि त्या सवयीने ती बारा महिने कशातही पडते. वांग्यात, फणसाच्या आठळ्यांत, वालीच्या शेंगांत. आत्याच्या घरी मी आठळ्यांची भाजी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा घेताना चमच्यात एक बारीकसा डोळा दिसला. आत्याला विचारलं तर ती खरोखर चकित झाली. “त्यात मासे खंय? सुकट असा ती.” तिच्या लेखी सुकट हा मिठासारखा, हिंगासारखा प्रकार आहे. मी ताट तसंच संपवलं. आठळ्या खाल्ल्या, सुकट बाजूला सारली. तिने ते बघितलं, आणि हात धुताना मागे येऊन हळूच विचारलं, “आमचा खाणा तुका आता घाण वाटता काय?”

हा प्रश्न मी तेव्हापासून विसरलेले नाही. कारण तो आत्याने हवेतून आणलेला नव्हता.

आम्ही मुंबईत भाड्याने घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. जागा छान, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. एजंटने नाव विचारलं, गाव विचारलं, मग घुटमळत विचारलं, “नॉनव्हेज खाता का?” नवरा म्हणाला, “खातो.” एजंट माझ्याकडे वळला. मी खात नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. “मग झालं की! मॅडमचंच सांगा सोसायटीला. साहेबांनी बाहेर खायचं.” माझं न खाणं हे त्याच्या हिशेबी चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र होतं, आणि ते दाखवून मी माझ्याच नवऱ्याला, माझ्याच आईला दाराबाहेर ठेवायचं होतं. आई सुट्टीत राहायला आली की पिशवीत सुके बांगडे असतात. आम्ही ते घर घेतलं नाही. माझ्या डोक्यात त्या एजंटला अजून उत्तरं सुचतात, एकाहून एक सरस, आणि सगळी उशिरा.

तर आत्याला हेच वाटत असणार, की ही आता त्या सोसायटीवाल्यांतली झाली. ते तोंडाने खोडून काढायचं म्हटलं तर आणखीच वरवरचं वाटतं. मासे बाजारातून अजून मीच आणते, कारण नवऱ्याला कोणीही शिळा बांगडा विकतं. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक पाहिजे. डोळा फुगीर आणि लख्ख. पोटाला बोट लावल्यावर खड्डा पडून राहिला तर पुढच्या कोळणीकडे. घरी साफ करते, कोकमाचं आगळ आणि मीठ लावते, तांदळाच्या पिठीत घोळवून तळते. चव बघायला मुलगा आहे. तो नेहमी “मीठ कमी” सांगतो, कारण चव बघायला दुसरी तुकडी मिळते.

गावी गौरीच्या दिवशी माझी जागा चुलीपाशी, वड्यांच्या कढईवर. कोंबडी-वडे या नावात कोंबडी पुढे असली तरी वडे बिचारे निव्वळ तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, बडीशेप आणि मेथीचे. केळीच्या पानावर थापायचे, फार पातळ नाही, आणि तेलात सोडल्यावर झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं म्हणजे टम्म फुगतात. वाटपही तसंच. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईस्तो भाजून, मालवणी मसाला घालून पाट्यावर वाटलेला तो गोळा अजून कोणाच्याच पक्षाचा नसतो. मोठी काकी एका बाजूने त्यातला मूठभर काढते, माझ्याकडे न बघता एका स्टीलच्या वाटीत घालते, वर बशी ठेवते. मग उरलेला कोंबडीत जातो. वाटीतला काळ्या वाटाण्यांत. हे कधी सुरू झालं ते मला नेमकं आठवत नाही. मी मागितलं नव्हतं, तिने विचारलं नव्हतं.

काळ्या वाटाण्याचं सांबारं म्हणजे आमच्याकडचं श्रावणातलं वैभव. आदल्या रात्री भिजवायचे, सकाळी शिजवायचे, थोडे ठेचायचे म्हणजे रस्सा दाट होतो. माझ्यापुरते दोन मुठी असायचे. पण भरल्या घरात माझ्यापुरतं काही राहत नाही. गेल्या वर्षी पडदा निघाला, पानं मांडली, आणि एकेकाने “जरा चवीक” म्हणून वाटाण्यांत डाव घातला. धाकट्या काकांनी दोनदा. माळकरी काकांना तर द्यायलाच हवं. आत्याने कोंबडीच्या बाजूला पळीभर घेतलं आणि मान हलवत खाल्लं. शेवटी बायकांची पंगत बसली तेव्हा टोपात तळाला मसाला आणि अकरा वाटाणे होते. मोजले मी.

काकीने टोप वाकडा करून बघितला आणि भडकली. “पुढच्या वर्साक दुप्पट भिजत घाल. तुझ्यासाठी करतंय नि तुकाच गावत नाय.” तिने मला सोलकढी वाटीऐवजी पेल्यातून दिली आणि पानात चार वडे टाकले. आत्या पलीकडून म्हणाली, अगो, माझ्या रसात बुडव एक. मग तिलाच आठवलं. ती हसायला लागली, तिला ठसका लागला, आणि माझी सोलकढी तिला द्यावी लागली.