अनू थांबली नाही

इतकी क्षुल्लक गोष्ट आहे की लिहायलाही लाज वाटतेय. पण अनू पलीकडच्या पलंगावर मजेत घोरतेय आणि मला झोप नाही, म्हणून लिहूनच टाकते. आज अमेरिकेतल्या युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये, डेव्हिल्स गार्डनच्या वाटेवर ती माझ्यासाठी थांबली नाही. बस, एवढंच.

लँडस्केप आर्चपर्यंत बरोबर होतो. एप्रिलची सकाळ, मोॲब गावाहून निघताना थंडीने दात वाजत होते आणि तिथे पोचेपर्यंत जॅकेट कमरेला. ती कमान बघून माझ्या पोटात कालवतं. जवळजवळ ९० मीटरचा आडवा दगड, मधे नको तितका बारीक. १९९१ मध्ये तिच्या खालच्या अंगातून सुमारे १८ मीटरची कपची निसटली. खाली माणसं होती, कडकड ऐकून पळाली म्हणून वाचली. तेव्हापासून कमानीखाली कुणाला सोडत नाहीत. हे सगळं मी अनूला रंगवून सांगत होते. वळून बघते तर बाई चढावर पार वर, पाठमोरी.

पुढच्याने वळणावर थांबायचं, हा राजमाचीपासूनचा आमचा नियम. कुणी कधी ठरवला नाही, पण होता. नव्हता का?

वॉल आर्च होती तिथे आता नुसता ढिगारा आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळली, पडताना कुणी पाहिली नाही. तिथे बसून मी पाणी प्यायले आणि स्वतःची यथेच्छ कीव करून घेतली. जूनमध्ये अनू तिकडे गेली की... ते जाऊ दे.

नावाहो आर्चच्या फाट्यावर तरी असेल, असं वाटलं. नव्हती.

पुढची वाट फिनच्या माथ्यावरून जाते. जमिनीखाली मिठाचा जाड थर, तो फुगला, वरचा वालुकाश्म समांतर भेगांनी चिरला, भेगा झिजून रुंदावल्या आणि मधल्या या उभ्या भिंती उरल्या. हे वाचायला छान असतं. वारा सुटलेला असताना, दोन्ही बाजूंना खोल, अशा भिंतीवरून चालताना मात्र पुढे ओळखीची पाठ हवी असते. हात नको, नुसती पाठ.

पलीकडे खडकातल्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं. वाकून पाहिलं तर त्यात नखाएवढे पारदर्शक जीव उलटे पोहत होते, पाय आभाळाकडे. फेअरी श्रिंप. यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. ‘अनू, हे बघ!’ असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. एका अनोळखी काकांनी येऊन बघितलं आणि ‘वाव’ म्हणाले. मला अनूचं ‘ईऽ’ हवं होतं.

डबल ओ आर्चशी सावलीत बूट काढून बसली होती. दोन कॉलेजच्या पोरांना भाकरवडी खिलवत. ‘अगं, किती वेळ!’ वर हे. मी म्हटलं, थांबायचं होतंस. तर म्हणाली, ‘थांबलेच की इथे. आणि वाट एकच, गर्दी ही एवढी, हरवणार कुठे तू?’ हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. पाकिटात चुराच उरला होता, तो खाल्ला.

परतताना मी पुढे निघाले. मुद्दाम. फिनवरून खाली आले, ढिगारा ओलांडला, एकदाही मागे पाहिलं नाही. वाईट गोष्ट अशी की मजा आली. कुणाच्या श्वासाचा हिशेब नाही, पाय आपल्या लयीत. क्लॅरेट कप निवडुंगाची लालभडक फुलं हवी तितका वेळ पाहिली, वाटेबाहेरच्या त्या काळ्या खरबरीत मातीवर पाय पडू न देता, कारण ती साल जिवंत असते आणि मोडली तर भरून यायला वर्षं जातात. हिला रोज असंच मोकळं वाटत असणार आणि मी तिला वळणावळणावर उभी करत आले, असाही विचार आला. मग परत रागही आला.

पार्किंगमध्ये ती माझ्यामागून बऱ्याच वेळाने आली. ‘का नाही थांबलीस?’ असं काही विचारलंच नाही. गाणं गुणगुणत गाडीत बसली. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

उद्या ग्रँडस्टाफ कॅन्यन. तिथे ओढा सारखा ओलांडावा लागतो, शिवाय अंगाला लागली की खाज सुटणारी पॉइझन आयव्ही, म्हणजे एकमेकींकडे लक्ष ठेवणं आलंच. नाही ठेवलं तर नाही. भाकरवडीचं दुसरं पाकीट मी माझ्या सॅकमध्ये टाकलंय.